भिंतोबाला जादूगार करू नका

मंगळवार, ३ जून

वन्सं,

अर्धा नमस्कार करते. उरलेला अर्धा तुमचं उत्तर आल्यावर.

फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंत, म्हणून पाकीट आणून लिहितेय. पाकिटाला ब्लॉक करता येत नाही हे एक बरंय. पोस्टमन दारात उभा राहिला की हात पुढे करावाच लागतो.

आता मुद्द्याचं बोलते. रविवारी दुपारी फोनवरच्या त्या खेळात खुली स्पर्धा होती. पाच जण आमचे, पाच समोरचे, कोणीही यावं आणि खेळावं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे, काठी घेऊन. धुकं विरलं आणि समोरून कोण येतंय बघते तर भिंतोबा! तुमच्या भावाचा ढालवाला! तीच चौकोनी ढाल, तेच खांबासारखे पाय, डोक्यावर हिरव्या अक्षरांत तेच नाव. हे गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. आणि पाठीला काय, तर पंख. गुलाबी. चमचम करणारे. वन्सं, शी! तो माणूस होता का लग्नातला मंडप?

आमच्यात एक टेम्पोवाला आहे, माल पोचवून झाला की गाडीतच बसून खेळतो. तो माइकवर घाबराघुबरा, "काकी, हा आपला भिंतोबा ना? काका तर वारले ना हो?"

मी म्हटलं, "वारले. हे भूत आहे, आणि थेट पार्लरमधून आलंय."

कारण मला कळायचं ते कळलं. यांचा फोन कोणाकडे आहे? मीच तुमच्या हातात दिला होता, आठवण म्हणून. वाटलं, कपाटात ठेवाल, कधी वाटलं तर फोटो बघाल. तुम्ही तर खेळ उघडून बसलात! आणि कसं खेळत होतात? ढाल पाठीवर, तोंड आमच्याकडे. उलटं चालत झाडात घुसलात, तिथेच अडकलात, आणि आमच्या सुरीवाल्यानं येऊन भोसकलं तेव्हा त्याला पाठ दाखवून गोल गोल फिरलात. समोरचे हसत होते. आमचेही हसत होते. यांनी भिंतोबाला सोन्याच्या पट्ट्यापर्यंत चढवला होता. परवा छातीवर बघते तर तांब्याचा! म्हणजे हे एकदाच झालेलं नाही, कितीतरी दिवस चालू आहे.

मॅच संपल्यावर मी तुम्हाला लिहिलं, "लाज वाटते का?" त्याचं उत्तर म्हणून तुम्ही मला ब्लॉक केलंत.

तर पुन्हा विचारते, कागदावर. वाटते का? केस कापा, भुवया कोरा, बायकांच्या तोंडाला काय फासायचं ते फासा, तुमचा धंदा आहे. मेलेल्या माणसाच्या ढालवाल्याला नटवू नका. फोन परत पाठवा.

भावजय


गुरुवार, १२ जून

वन्सं,

उत्तर आलं, तेव्हा राहिलेला अर्धा नमस्कार घ्या. मनापासून नाही, व्यवहार म्हणून.

चारच ओळी लिहिल्यात. "तो आधी माझा भाऊ होता, मग तुझा नवरा झाला. फोन देणार नाही. ढालवाला होऊन नुसता मार खायचा, मला जमत नाही. महिनाअखेरीला सीझन बदलतो तेव्हा मी त्याला जादूगार करणार. तुझ्यासारखं मागे उभं राहून नाव कमवायचं."

शिवणकामाच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत वाचलं. शेजारची बटणवाली म्हणाली, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून जायचाय."

तुम्हाला माहीत आहे ना, असा बदल एकदाच होतो? ढालवाल्याचा जादूगार केला की ढाल गेली. चिलखत गेलं, कमावलेलं सगळं गेलं. पुन्हा कितीही बटणं दाबली तरी भिंतोबा परत उभा राहणार नाही. आजारपणात, त्या खुर्चीत बसून बसून या माणसानं एक गोष्ट उभी केली, आणि तुम्हाला ती पुसायचीय. कशासाठी, तर मार लागतो म्हणून!

आणि जादूगार म्हणजे काय वाटतं तुम्हाला? झुळझुळीत झगा, हातात काठी, बोट दाखवलं की समोरचा भस्म? ऐका. मी रोज तेच करते, आणि आता मला त्याचा शिसारी येण्याइतका वीट आलाय.

पहिलं म्हणजे जीव एवढासा. कागदी. ढालवाला दहा घाव खाऊन उभा राहतो, आपण दुसऱ्याला आडव्या. चिलखत घालायची सोय नाही, झग्याला चिलखत शोभत नाही म्हणे. दुसरं, आग काही फुकट निघत नाही. अंगात निळं पाणी असतं, ते प्रत्येक जाळाला कमी होतं. मोठा जाळ टाकला की मग ते भरेपर्यंत गॅस संपलेल्या शेगडीसारखं उभं राहायचं. त्या वेळात कोणी आला तर काय, काठीनं खाजवायचं त्याला? पळून जायला एक उडी असते. ती एकदा मारली की तीही लवकर परत मिळत नाही. आणि समोरच्या पाचांना आधी कोण मारायचं असतं? जादूगार. तुम्ही दिसलात रे दिसलात की सुरीवाला झाडाआडून निघतो. जवळ आला की संपलं. हातघाईची लढाई आपल्याला येतच नाही.

सुरुवातीला तर आपण टीमच्या गळ्यातलं ओझं. आग असते मेणबत्तीएवढी. सगळे सांभाळून घेतात आणि सांभाळताना शिव्या घालतात. समोरच्यानं जादू उतरवणारं चिलखत घेतलं की तुमची आग म्हणजे कोवळं ऊन, तो पाठ शेकत पुढे येतो. नेम चुकला की चुकला, आग काही वळून माघारी येत नाही. जिंकलो तर "टीम भारी". हरलो तर "जादूगार कुठे मेली होती?"

आता तुम्ही म्हणाल, मग खेळतेस कशाला? खोटं कशाला बोलू. दिवसभर मी गणवेशांच्या बाह्या जोडते. डावी बाही, उजवी बाही, डावी बाही, उजवी बाही. सुपरवायझर माझं तोंडसुद्धा बघत नाही, बाह्या बघतो. आणि घरी येऊन फोन हातात घेतला की मी नुसती वळणावर उभी राहिले तरी पाच धटिंगण पाय मागे घेतात. अजून मी काही केलेलंही नसतं! एखाद दिवशी तिघं एका जागी सापडतात आणि मोठा जाळ बरोबर मधोमध पडतो. तेव्हा, वन्सं, अंगावर काटा येतो. अख्खी मॅच त्या एका जाळानं फिरते. ढालवाल्याला ते सुख नाही, हे मी कबूल करते.

पण त्याचीच किळस येते मला. कारण नेमका जाळ कधी टाकायचा असतो? आपले लोक मार खाऊन खाऊन समोरच्याला अर्धमेला करतात तेव्हा. तोपर्यंत आपण मागे गप्प. आपला ढालवाला कोसळतोय हे दिसत असतं, तरी थांबायचं, कारण अजून दोघं जवळ आलेले नसतात. मग दुसऱ्यांनी पिटून ठेवलेले आपण जाळायचे आणि नाव आपलं लावायचं. हे सगळं समोरून झगझगीत दिसतं. मागून बघितलं तर घाणेरडं काम आहे.

यांनी ढालवाला घेतला तो उगाच नाही. ढाल म्हणजे ढाल. तिला राहू द्या.

पंख काढा.

भावजय


रविवार, २२ जून

वन्सं,

मला वाटलं, एवढं वाचून तुमचे डोळे उघडतील. तुमचं उत्तर काय? "छान समजावलंस. पाणी जपून वापरायचं, तिघं एकत्र आल्याशिवाय जाळ टाकायचा नाही. लिहून ठेवलं. सुरीवाल्यापासून कसं वाचायचं तेही सांग."

मी पोटतिडकीनं शिव्या दिल्या आणि तुम्ही शिकवणी समजलात! वर गृहपाठ करून दाखवताय!

आणि काल जे झालं ते तर विचारू नका. तुम्हाला माहीतच आहे, पण माझ्या बाजूनं कसं होतं ते ऐका. संध्याकाळी कामावरून आले, चप्पलही काढली नव्हती, मॅच लागली. समोर पुन्हा तुम्ही. या वेळी ढाल पुढे होती, झाडात अडकला नाहीत. आणि सरळ माझ्यावर चालून आलात. मधे टेम्पोवाला होता, त्याच्याकडे बघितलंही नाहीत. जादूगाराला जवळ जाऊन गाठायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मीच! पानं भरून!

माझी उडी मारून झालेली. मागे भिंत. पाणी एका जाळापुरतं. भिंतोबा इतका जवळ की ढालीवरचे ओरखडे दिसत होते. हात थांबला नाही माझा. टाकला.

तो कसा पडतो माहीत आहे तुम्हाला? आधी एका गुडघ्यावर येतो. मग ढाल जमिनीत रोवतो. मग तिच्यावर कपाळ टेकवतो आणि राख होतो. हे खेळायचे तेव्हा मी त्याला मागून कितीदा पडताना पाहिलाय. काल पहिल्यांदा तोंड पाहिलं. पाडणारी मी.

टेम्पोवाला ओरडला, "काकी, एक नंबर!" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव." तोंड कडू झालं होतं. फोन टेबलावर पालथा घातला आणि मोरीवर जाऊन चूळ भरली.

येऊन बघते तर तुमचा निरोप. "छान लागली गं आग." काय बाई आहात का कोण आहात!

आणि मग तुमचा फोन. इतक्या दिवसांनी.

"काय गं चेटके?"

"बोलू नका माझ्याशी."

"मग उचललास कशाला?"

"कोण मेलं ते बघायला."

"मी मेले. तूच मारलंस."

तुम्ही हसलात, मला हसू आलं नाही. मग मी साधं विचारलं, की वन्सं, जादूगारच व्हायचंय ना, मग नवीन उघडा. फुकट मिळतो. हवे तेवढे पंख लावा, शेपूट लावा. यांचाच कशाला मोडताय?

त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. म्हणालात, "नवीन उघडला तर मला कोण विचारतं? याच्यात शिरले की त्याचे जुने सोबती येतात. भाऊ, होतात कुठे? भाऊ, बरे आहात ना? असं विचारतात."

मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, बरा आहे."

वन्सं, किळस आली मला. खरं सांगते. मी दवाखान्याचे कागद केले, मी बारावं-तेरावं काय असेल ते केलं, कामावर परत गेले तेव्हा जो भेटेल त्याला माझ्या तोंडानं "गेले" म्हणून सांगितलं. एकेकाला. आणि तुम्ही तिकडे बसून सांगता, बरा आहे?

तुम्ही म्हणालात, "आई गेली तेव्हापासून मी पुढे. बाबांच्या हाताखालून त्याला मी काढला. सासरी दिरांपुढे मी, पार्लरच्या जागामालकापुढे मी. शेवटी त्याच्याजवळ असायला हवं होतं तर पाय मोडून पलंगावर. फोनवर त्याला विचारलं की तो स्वतःचं काही सांगायचाच नाही. आज हिनं असा जाळ टाकला, आज हिनं तिघं लोळवले, हेच. मलाही एकदा मागे उभं राहायचंय गं. पुढे उभी राहून कंटाळले." आणि फोन ठेवलात.

उत्तर द्यायला पुन्हा पाकीट आणलं.

तुमचा जन्म पुढे उभं राहण्यात गेला हे खरं. पण त्याची भरपाई भिंतोबाकडून का? त्यानं काय केलंय तुमचं?

गुरुवारी संध्याकाळी आमच्या टीममध्ये या. एक मॅच. माझ्यापुढे ढाल धरून उभ्या राहा. ढालवाला कशासाठी असतो ते समोरच्या बाजूनं कळत नाही, आपल्या बाजूनं कळतं. मग बघू कोण काय बदलतं.

आणि "बरा आहे" सांगणं बंद करा.

भावजय


शुक्रवार, २७ जून

वन्सं,

काल तुम्ही पंख काढून आलात. मी सांगून काढले नव्हतेत, काल आपणहून काढलेत. बघितलं मी. बोलले नाही.

हरलो ते माझ्यामुळे. टेम्पोवाल्यानं खापर तुमच्यावर फोडलं, त्याचं ऐकू नका. तुम्ही जागेवर होतात. वळणावर ढाल रोवून उभ्या, तिघं तुमच्यावर तुटून पडलेले, अगदी हवे तसे एका जागी. लहान पोरानंसुद्धा जाळ टाकला असता. आणि तेवढ्यात तुम्ही माइकवर बोलायच्या आधी घशातून आवाज काढलात. "हं." मग म्हणालात, "टाक की."

तो "हं" तुमचा नाहीये. म्हणजे तुमचाही असेल, दोघांना एकाच घरातून मिळाला असेल. मला इतकी वर्षं कधी जाणवलं नाही, कारण तुम्ही दोघं समोर असलात की तुमचं बोलणं संपायचं नाही आणि माझं डोकं उठायचं. काल डोळ्यांसमोर भिंतोबाची पाठ आणि कानात तो "हं". माझे दोन्ही अंगठे काचेवर तसेच राहिले. तुम्ही पडलात. मग मी पडले. मग सगळेच.

आणि नंतर यांच्या जुन्या सोबत्यांतला एक तिरंदाज आला. "भाऊ, कितीतरी दिवसांनी एवढे चांगले उभे राहिलात. तब्येत बरी ना आता?"

मला वाटलं, आता म्हणतील ही बाई बरा आहे. मी माइक बंद करायला बोट पुढे केलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी त्याची मोठी बहीण. तो गेला." टेम्पोवाल्याच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. मग तिरंदाज म्हणाला, "ताई, सांगायला हवं होतंत." तुम्ही म्हणालात, "हो रे बाबा." आणि गेलात.

मी आज कामावर तीन डाव्या बाह्या उजवीकडे लावल्या. सुपरवायझरनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

आता एक गोष्ट सांगते. सांगणार नव्हते. आधीच सांगितली असती तर माझं म्हणणंच पडलं असतं, म्हणून गिळली.

मी लिहिलं होतं ना, यांनी ढालवाला घेतला तो उगाच नाही? तुम्हाला वाटलं असेल, भाऊ आपला पहिल्यापासून शूर. शूर कसला डोंबलाचा! तुमचा भाऊ झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा. रक्त धुवायच्या मशीनला एक हात बांधलेला असायचा. चार-चार तास तो हलवायचा नाही, हलवला की ती नर्स ओरडायची. एकच हात मोकळा. जादूगाराला दोन्ही अंगठे लागतात, एकानं पळायचं आणि एकानं नेम धरायचा. ढालवाल्याला एक पुरतो. बटण दाबून धरलं की ढाल वर. बस्स.

त्यांनी आधी जादूगारच घेतला होता. नाव ठेवलं, झगा निवडला, झग्याचा रंग निवडायला अर्धा तास लावला, जांभळा का निळा. दुकानात फोन दुरुस्त करता करता गिऱ्हाइकांच्या फोनवर चोरून तोच खेळायचे म्हणे. पहिल्या दिवशी मशीनवर बसून खेळायला गेले, एका हातानं नेम धरता येईना. सारखे मरत होते. शेवटी फोन माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "घे. तुला लांबून बोलून पळायची सवयच आहे." आणि माझ्या फोनवर स्वतःसाठी ढालवाला उघडला. म्हणजे ज्या फोनवर भिंतोबा आहे तो मूळ माझा. आणि मी चालवते ती जादूगारीण त्यांची आहे, वन्सं. जांभळा झगा त्यांनी निवडलेला आहे.

तेव्हा तुम्ही भिंतोबाला जादूगार केलंत तर यांचं काही पुसलं जाईल, असं मला म्हणता येत नाही. त्यांना ते आवडलंच असतं. चिडून लिहितेय, तरी खरं तेच लिहितेय.

पण तो ढालवाला गेला की मला समोर ती पाठ पुन्हा दिसणार नाही. माझं एवढंच आहे. बाकी जे लिहिलं ते सगळं भरताड होतं.

सोमवारी सीझन बदलतोय. बटण तुमच्या हातात आहे. मोठी नणंद आहात, मी नको म्हणून तुमचं अडणार थोडंच. दाबायचं तर दाबा. मला आधी कळवू नका.

भावजय


शनिवार, ५ जुलै

वन्सं,

दाबलंत.

सोमवारी संध्याकाळी बघितलं. हिरव्या अक्षरात भिंतोबा, आणि खाली पिवळा झगा. पिवळा! हळद सांडल्यासारखा! पार्लर चालवता आणि रंगाची ही समज? शी. काठी पण उलटी धरली होतीत.

मी रडले नाही. चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला. मग फोन घेतला आणि माझंही बटण दाबलं.

हो. मी ढालवाली झाले. जांभळा झगा गेला. आता माझे पाय खांबासारखे आहेत आणि तोंडावर लोखंडी जाळी, मी ओळखू येत नाही. टेम्पोवाला म्हणाला, "काकी, तुम्ही? पुढे?" मी म्हटलं, "मग काय, तुझ्या भरवशावर सोडू म्हातारीला?" म्हातारी म्हणजे तुम्ही. तुम्ही माइकवर होतात, ऐकलंत, आणि म्हणालात, "कोण म्हातारी गं?" आणि तुम्ही बोलत होतात तेवढ्यात सुरीवाल्यानं तुम्हाला उडवलं. पहिल्याच मिनिटात.

या आठवड्यात आपण एकही मॅच जिंकलेलो नाही. तुम्ही पाणी पहिल्या वळणावरच संपवता. उडी मारता ती समोरच्यांच्या घोळक्यात. जाळ टाकता तो झाडांवर. झाडांनी काय केलंय? आणि मी पुढे उभी राहून मार खातेय. वीट आला मला या कामाचा आठवड्यातच. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, नुसता मार. समोर दात विचकणारी पाच थोबाडं, ढालीवर दणादण, आणि करायचं काय, तर बटण दाबून धरायचं. डाव्या बाहीसारखं, उजव्या बाहीसारखं.

पण एक कळलं, ते तुम्हाला सांगायला पाकीट आणलं.

पुढे उभं राहिलं की मागचं काही दिसत नाही. या खेळात आपल्या माणसाला जे दिसतं तेवढंच काचेवर दिसतं. मी इतके दिवस मागे होते, मला सगळं दिसायचं, ढालवाल्याची पाठ, समोरचे, माझी आग कुठे पडली ते. पुढून यातलं काहीच दिसत नाही. मागे जादूगार आहे का पळाली, मेली का, तिच्यात पाणी आहे का नाही, काही कळत नाही. जाळ पडला तर एकदम समोरचे पेटतात तेव्हा कळतं. नाही पडला तर आपण पडतो तेव्हा.

हे सारखे विचारायचे, "आहेस ना?" शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असायचे मी. तरी दर मॅचला, दहादा. "आहेस ना?" मी वैतागून म्हणायचे, "मग कुठे जाणारे?" मला वाटायचं, चिडवतायत.

तुम्हाला त्या माणसानं फोनवर सांगितलेले माझे सगळे जाळ, वन्सं, त्यानं एकही टाकताना पाहिलेला नाही. नुसते समोरचे पेटलेले पाहिले.

तर आता नीट ऐका, आणि हे खरंच लिहून ठेवा. माझ्यापासून चार पावलं मागे राहा, दहा नको. तिघं एकत्र आल्याशिवाय टाकू नका. झाडांना सोडा. पिवळा झगा बदला, लांबून दिसतो. आणि तोंड मिटून खेळू नका. तुमचं तोंड कधी मिटलेलं मी बघितलं नाही, नेमकं खेळताना मिटता. मागे आहात तोवर काहीतरी बोलत राहा. शिव्या द्या, पार्लरमधल्या बायकांच्या चहाड्या सांगा, काहीही. मी वळून बघू शकत नाही.

उद्या संध्याकाळी, कामावरून आले की. चप्पल काढू द्या आधी.

भावजय